स्वर सोडून लिहिणारी

धुळ्याच्या कलेक्टर कचेरीत सुनंदाबाई पाटील म्हणून एक मराठी स्टेनो होत्या. साहेबांचं वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत बाईंच्या वहीत उतरलेलं असतं, असं कचेरीतले लोक म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. आदेश पाच पानांचा असो की पन्नास, त्यांच्या टायपिंगमध्ये खाडाखोड सापडायची नाही. याच बाईंनी चुलतबहिणीचा नवरा वारला तेव्हा तिला सांत्वनाचं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, 'सदर दुःखद घटनेबाबत समजले. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत, याची कृपया नोंद घ्यावी.' बहिणीने ते पत्र नात्यागोत्यात फिरवलं आणि पुढे तीन वर्षं ती सुनंदाबाईंशी बोलली नाही. आपण काय लिहिलं ते बाईंना कळत नव्हतं असं नाही. पेटीत टाकण्याआधी त्यांनी ते चार वेळा फाडलं होतं, आणि चारही वेळा हातातून तेच उतरलं होतं.

हा हात पहिल्यापासून असा नव्हता.

दोंडाईच्यापासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात हिलाल पाटलांच्या घरी सुनंदा वाढली. घरचं बोलणं सगळं अहिराणी. पुस्तकातली मराठी तिला शाळेत भेटली आणि तिने ती अशी धरली की सोडलीच नाही. दहावीत तिने कापूस वेचणीवर निबंध लिहिला होता. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांची कातडी कशी सोलून निघते, कमरेच्या ओटीत कापूस भरून निघालेली माय दुपारी दुरून पोटुशी कशी दिसते, आणि संध्याकाळी गाठोडं मोजून झालं की एकदम म्हातारी कशी दिसते, असं सगळं त्यात होतं. हेडमास्तरांनी तो निबंध दुसऱ्या तुकडीतही वाचून दाखवला. माय भिकुबाईला वाचता येत नव्हतं. सुनंदाने तिला तो अहिराणीत सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खरं शे."

एक्याऐंशी साली सुनंदा धुळ्याला कॉलेजात आली. मराठीचे प्राध्यापक होते रतिलाल चौधरी. उंच, पांढरा सदरा, बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. पहिल्याच सत्रात त्यांनी तिची ट्युटोरियल वही वर केली आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "या मुलीचं वाक्य लांब असतं, पण त्याला धाप लागत नाही. लक्षात ठेवा." तास संपल्यावर तिला बाजूला बोलावून म्हणाले, "बी.ए. झाल्यावर घरी जाऊ नकोस. एम.ए. कर. तू शिकवायला जन्मलीस."

दिवाळीत ती हे घरी सांगायला गेली. ओसरीवर वडील, हिलाल आबा, बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निबंधवर पोट भरस का?"

आबांच्या डोक्यात वेगळंच घर बांधून झालं होतं. सातबाऱ्यासाठी ते शिंदखेड्याला तहसील कचेरीत गेले होते. तिथे साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसलेली एक बाई त्यांनी पाहिली होती. साहेब बोलत होते, बाई वहीत पेन्सिलीने काहीतरी रेघा मारत होती, आणि दारात उभे असलेले पाटील-तलाठी तिला 'बाईसाहेब, बाईसाहेब' करत होते. स्टेनो. हा शब्द आबांनी विचारून घेतला आणि घरापर्यंत पाठ करत आणला. कॉलेज शिकायचं तर शिक, पण सोबत शॉर्टहँडचा क्लास लावायचा. नाहीतर कॉलेजही बंद.

म्हणून सुनंदा गल्ली नंबर चारमधल्या एका माडीवर, गिरधर सोनवण्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ लागली. खाली सायकलींचं दुकान, वर बारा मशिनींचा खडखडाट, आणि मागच्या खोलीत शॉर्टहँडची बाकं. सोनवणे सर हातातल्या घड्याळाकडे बघत वर्तमानपत्रातला अग्रलेख सांगायचे आणि मुली उतरवून घ्यायच्या. 'क'ला एक रेघ, 'ग'ला तीच रेघ जाड. काना, वेलांटी, उकार म्हणजे बारीक ठिपके. सुरुवातीला सुनंदा एकूणएक ठिपका द्यायची, म्हणून मागे पडायची.

"स्वर सोड," सोनवणे सर म्हणाले. "व्यंजनं धर. स्वर वाचताना आपोआप येतात. आणि अर्थाकडे लक्ष देऊ नको. अर्थाकडे लक्ष गेलं की हात थांबतो."

तिने स्वर सोडले. महिन्याभरात तिचा वेग मिनिटाला साठ शब्द झाला, उन्हाळ्यापर्यंत ऐंशी. 'आपणांस असे कळविण्यात येते की' हे सगळं एका वळणाच्या रेघेत मावायचं. 'सदरहू प्रकरणी' म्हणजे नुसता एक आकडा. त्या वेगाची तिला चटक लागली हेही खरं होतं. गावाकडून आलेली, अहिराणी हेल ऐकून शहरातल्या मुली जिला हसायच्या, ती मुलगी आता कोणाच्याही तोंडचं काहीही जसंच्या तसं धरून ठेवू शकत होती.

कॉलेजातही ती तेच करू लागली. चौधरी सर बोलायला लागले की तिची पेन्सिल चालायची. तास संपेपर्यंत एक शब्द सुटायचा नाही. परीक्षा जवळ आली की हॉस्टेलच्या मुली तिच्या खोलीबाहेर रांग लावायच्या आणि ती वही उघडून सरांचं सगळं व्याख्यान त्यांना सांगायची, सरांच्या 'असो'सकट, 'किंबहुना'सकट. मुली म्हणायच्या, "सुनंदा, तुला तर सगळं पाठ!" पाठ काहीच नव्हतं. सर काय म्हणाले ते वहीत होतं. त्यावर आपल्याला काय वाटलं, हे तिने आठवून पाहिलं तर तिथे काही नसायचं. आधी ऐकताना मनात उलटसुलट काहीबाही चालायचं, आता हात चालायचा आणि मन रिकामं बसायचं.

दुसऱ्या वर्षाच्या ट्युटोरियलवर लाल शाईत शेरा आला, 'ही कुठली मराठी?' तिने पाहिलं. 'विचार'चा 'वचर' झाला होता, 'समाज'चा 'समज'. वाक्यंही आखूड झाली होती, दोनदोन शब्दांवर तुटलेली. ती सरांना भेटायला गेली.

"काय झालं गं तुझ्या हाताला?"

तिने शॉर्टहँडचं सांगितलं. सरांनी डोळे मिटले. "सोडून दे तो क्लास."

"सोडला तर आबा कॉलेज सोडायला लावतील, सर."

"मग सांभाळून लिही," सर म्हणाले आणि पुढच्या वहीकडे वळले.

ती सांभाळू लागली. लिहून झालं की कानामात्रा तपासायची. पण परीक्षेच्या खोलीत तपासायला वेळ कुठून आणायचा?

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाचा मराठीचा खास पेपर होता. परीक्षा केंद्र त्यांचंच कॉलेज, आणि केंद्रप्रमुख चौधरी सर. पत्र्याच्या शेडमध्ये बाकं मांडली होती. बाहेर ऊन असं की पाण्याचा माठ दर तासाला भरावा लागत होता. पहिले तीन प्रश्न तिने नीट, एकेक वेलांटी देऊन लिहिले आणि त्यातच वेळ गेला. शेवटचा वीस गुणांचा प्रश्न हातात घेतला तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती. प्रश्न तिच्या आवडीचा होता. किती दिवसांनी डोक्यात काहीतरी आपलं आलं होतं, आणि ते निसटू नये म्हणून ती धावत सुटली. घंटा झाली. पर्यवेक्षकाने पेपर ओढून घेतला. ती बाहेर आली तेव्हा खूश होती.

जूनमध्ये निकाल लागला. तिच्या नंबरासमोर गुण नव्हते. 'राखीव' असा एकच शब्द होता. जुलैत विद्यापीठाचं रजिस्टर पत्र आलं. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या तीन पानांवर अकरा ठिकाणी सांकेतिक खुणा आढळल्या आहेत, परीक्षकास ओळख पटवून देण्याचा हा प्रयत्न असल्याचा संशय आहे, तरी चौकशी समितीपुढे नाशिक येथे समक्ष हजर राहावे.

पत्र वाचून तिला आधी काही उमगेना. मग उमगलं. म्हणून, त्यामुळे, परंतु, तरीसुद्धा. घाईत तिचा हात तिच्याही नकळत रेघा मारून गेला होता.

ती आधी गल्ली नंबर चारला गेली. समितीतल्या कोणाला शॉर्टहँड येत असेल-नसेल, पण सोनवणे सरांनी चार ओळी लिहून दिल्या असत्या की ही शासनमान्य लघुलिपीतली चिन्हं आहेत आणि मुलगी आमची विद्यार्थिनी आहे, तर काम झालं असतं. सोनवणे सर खुर्चीतून उठून दार लोटून आले.

"सुनंदा, तुझी चूक नाही. मला दिसतंय ना. पण कॉपीची केस आहे ही. माझं इन्स्पेक्शन पुढच्या महिन्यात आहे. इन्स्टिट्यूटचं नाव त्या कागदावर गेलं तर मान्यता जाईल माझी. बारा मशिनी आहेत, कुठे घेऊन बसू?"

"सर, नुसतं एवढंच लिहा की ही लिपी आहे."

"तोंडी सांगतो ना. कोणी विचारायला आलं तर तोंडी सांगेन."

कोणी विचारायला येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग ती चौधरी सरांच्या घरी गेली. सरांनी आत बोलावलं, सरांच्या पत्नीने चहा दिला. सरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून तिच्या हातात ठेवलं.

"मला ती लिपी येत नाही. मी काय म्हणून लिहून देऊ?"

"लिपीचं नको, सर. मी तीन वर्षं तुमच्या वर्गात आहे, असं करणारी मुलगी नाही, एवढं लिहा."

सर उठून खिडकीशी गेले. "समितीवर जाणती माणसं असतात. तुला न्याय मिळेल," ते म्हणाले. कप अर्धा ठेवून ती उठली.

नाशिकला ती आबांबरोबर एस.टी.ने गेली. आबांनी धुतलेली टोपी घातली होती. चौकशीच्या खोलीत त्यांना येऊ दिलं नाही, ते व्हरांड्यात बसून राहिले. आत तीन माणसं होती. मधल्याने उत्तरपत्रिका तिच्यासमोर सरकवली आणि एका रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"म्हणून."

"काय म्हणून?"

"तो शब्द, सर. ते 'म्हणून' आहे. शॉर्टहँडमध्ये तसं लिहितात."

"आणि हे?"

"परंतु."

"आता तुम्ही सांगाल ते खरं मानायचं. कोणाचं प्रमाणपत्र आहे?"

नव्हतं. उजवीकडचा म्हातारा जरा मऊ वाटत होता. तो म्हणाला, "मुलीला तिचं म्हणणं लिहू द्या. मराठीची विद्यार्थिनी आहे, लिहील नीट." तिला कोरे कागद आणि अर्धा तास दिला. शेजारच्या खोलीत ती एकटी बसली. खरं काय ते सांगायचं होतं. आबांची तहसील कचेरी, सुटलेले स्वर, उन्हातलं शेड, शेवटी सुचलेलं ते उत्तर. वेचणीवर लिहिणाऱ्या मुलीला ते जमलं असतं. पण शब्द यायला लागले की आधी ते गोळीबंद शब्दसमूह यायचे, अडीच वर्षं रोज घोटलेले. अर्धा तास संपला तेव्हा कागदावर होतं, 'मा. समितीस सविनय सादर करण्यात येते की, सदरहू प्रकरणी अर्जदाराचा कोणताही गैरहेतू नसून, अनवधानाने झालेल्या त्रुटीबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.'

म्हाताऱ्याने चष्मा वर करून ते वाचलं. तो मऊपणा गेला. "हे बाहेरून पाठ करून आलात का? कोणा कारकुनाकडून लिहून घेतलंत?"

ती परीक्षा रद्द झाली आणि पुढची एक संधीही गेली. व्हरांड्यात आबांनी विचारलं, "काय व्हयनं?" तिने सांगितलं. आबा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जाऊ दे. शॉर्टहँडनी परीक्षा तं शे ना?"

ती होती. त्याच वर्षी तिने शंभर शब्दांची परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली आणि पुढच्या वर्षी कलेक्टर कचेरीत लागली. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी ती चुलीपुढे बसून रडत होती. आबांना राग आला. "नोकरी लागनी ना? मंग रडस कसाले?"

बी.ए. तिने पुढे बाहेरून बसून पूर्ण केलं. तिसरा वर्ग मिळाला. एम.ए.चं नाव कोणी काढलं नाही. दोन स्थळं आली. पहिल्याने कॉपी केसचं कुठूनतरी ऐकलं आणि परस्पर नकार कळवला. दुसऱ्याला फक्त पगारपत्रक बघायचं होतं, त्याला सुनंदानेच नाही म्हटलं. धुळ्यातच देवपुरात एक खोली घेऊन ती राहू लागली आणि बघता बघता कचेरीच्या दृष्टीने सुनंदाबाई झाली. साहेब येत, सांगत, बदलून जात. त्यांनी सांगितलेलं तिच्या हातून जाई. आठ-नऊ वर्षांत ती हजारो पानं लिहून बसली, त्यात तिची एक ओळ नव्हती.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात एका दुपारी चौधरी सर कचेरीत आले. केस पांढरे झाले होते, हातात काठी होती. बाईंनी उठून खुर्ची दिली.

"निवृत्त होतोय मार्चमध्ये," सर म्हणाले. "मुलं गौरवग्रंथ काढताहेत. जुन्या विद्यार्थ्यांचे लेख घ्यायचे ठरलंय. मी म्हटलं, सुनंदा पाटीलचा हवाच. तुझ्यासारखं वाक्य मला पुन्हा कोणाच्या वहीत दिसलं नाही."

दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला. "सर, तेव्हा चार ओळी का नाही लिहून दिल्या?"

सरांनी डोळे मिटले. या वेळी त्यांनी ते सवयीने मिटले की आणखी कशाने, ते तिला सांगता आलं नसतं. "केंद्र माझं होतं, सुनंदा. माझ्या केंद्रावरची केस. मीच तुझ्या बाजूने लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, खुणा कोणासाठी होत्या ते कळलं. माझी बढती तेव्हा अडकलेली होती."

"मिळाली?"

"मिळाली."

बाईंनी शिपायाला चहा सांगितला.

तरीही तिने लेख लिहायला घेतला, ही गोष्ट तिने नंतर कोणालाच सांगितली नाही. चार रविवार ती खोलीत कागद घेऊन बसली. सरांवरचा राग लिहू म्हणाली, तर 'तक्रारीचे स्वरूप खालीलप्रमाणे' असं आलं. वर्गातला तो पहिला दिवस लिहू म्हणाली, तर त्याचा अहवाल झाला. पाचव्या रविवारी तिने संपादक मंडळाला कळवून टाकलं, 'कार्यालयीन कामकाजामुळे लेख देणे शक्य होणार नाही, क्षमस्व.'

मे महिन्यात ग्रंथ टपालाने आला. अनुक्रमणिकेत सतराव्या क्रमांकावर तिचं नाव होतं. लेखाचं शीर्षक होतं, 'माझ्या लेखणीचे शिल्पकार'.

ती उभ्या उभ्या वाचू लागली. खानदेशच्या मातीतली एक भाबडी मुलगी, तिच्या ओबडधोबड शब्दांना आकार देणारे सर, संकटाच्या काळात वडिलांच्या मायेने पाठीशी उभे राहिलेले सर. वाक्यं लांब आणि सफाईदार होती. दुसऱ्या पानावर 'किंबहुना' आलं, तिसऱ्यावर 'असो'. तीन वर्षं त्या माणसाचं बोलणं तिच्या हाताने वाहिलं होतं. कुठे थांबतात, कुठे शब्द फिरवून घेतात, तिला विचारायची गरज नव्हती. सरांनी स्वतः लिहिलं होतं.

तिने मशिनीवर कागद चढवला. 'मा. संपादक' इतकं टाइप केलं. पुढे लिहायचं काय? 'सदर लेख अर्जदाराने लिहिलेला नाही.' वाचणारा विचारणार, मग तुझा लेख कुठे आहे? तिने कागद काढून घेतला.

ग्रंथाची एक प्रत दोंडाईच्याच्या हायस्कूललाही गेली होती आणि तिथून ती आबांपर्यंत पोचली. जूनमध्ये सुनंदा गावी गेली तेव्हा ओसरीवर पाच-सात माणसं बसली होती आणि आबा अक्षरावर बोट ठेवत, अडखळत वाचत होते. तिला पाहून त्यांचे डोळे भरून आले. तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"माले माहितच नही व्हतं," ते म्हणाले. "तू इतलं चांगलं लिखस! बठ्ठा गावले वाची दाखाडं मी."

"आबा, हाई मी नही लिखेल."

आबा हसले. बसलेली माणसंही हसली. पाटलाची पोर, एवढी साहेबीण झाली, तरी मिजास नाही, असं कोणीतरी म्हणालं. आबांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

भिकुबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आबा तिसऱ्या पानावर पोचले तेव्हा ती हळूच म्हणाली, "हाई तुनं बोलनं नही वाटत."

"तुले काय समजस त्यातलं?" आबा खेकसले.

भिकुबाई चुलीकडे वळली. सुनंदा मायकडे बघत राहिली. मायला सगळं सांगावंसं वाटलं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. भाकरी खाऊन ती पाचच्या गाडीने धुळ्याला निघून गेली. गौरवग्रंथ समितीचं छापील आभारपत्र खोलीच्या दारात पडलं होतं. 'आपल्या बहुमोल लेखनसहकार्याबद्दल' असं त्यात होतं. बाईंनी त्यावर आवक तारीख टाकली आणि फाईलला लावून टाकलं.